मसाई कन्यांचे शिक्षण आणि जमिनीचे दस्तऐवज

१९०४ साली पूर्व आफ्रिकेतील ब्रिटिश अंमलदारांनी मसाई जमातीच्या पुढाऱ्यांशी एक तहनामा केला. युगांडाकडे जाणाऱ्या नव्या रेल्वेच्या आसपास पसरलेली रिफ्ट खोऱ्यातील कुरणे मसाईंनी गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी मोकळी करून द्यावीत आणि त्यांच्या मोबदल्यात उत्तरेस लायकिपियाच्या पठारावर व दक्षिणेस रेल्वेच्या पलीकडे असे दोन राखीव मुलूख त्यांना कायमचे तोडून द्यावेत, असा त्याचा मजकूर होता. आणि मसाई वंश अस्तित्वात असेतोपर्यंत हा करार अबाधित राहील, असे अभिवचनही त्यात नमूद केलेले होते. जमातीचा धर्मप्रमुख लेनाना याने व इतर प्रमुखांनी त्यावर संमती दिली. परंतु तो कागद ज्या भाषेत व ज्या लिपीत लिहिलेला होता ती भाषा आणि ती लिपी त्यांची नव्हती. अवघ्या सात वर्षांनी, १९११ साली, दुसरा तहनामा पुढे आला, लायकिपियाचा मुलूख त्यांच्या हातून गेला, आणि उत्तरेकडील मसाईंना आपल्या लाखो गुरामेंढरांसह दक्षिणेकडे कूच करणे भाग पडले. १९१३ साली ओले न्जोगो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सरकारविरुद्ध फिर्याद गुदरली, तेव्हा न्यायालयाने मूळ तक्रारीत शिरण्याचेही नाकारले. हा दोन स्वतंत्र सत्तांमधील तह आहे, सबब त्याचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाही, एवढे सांगून फिर्याद निकालात काढण्यात आली.

मसाईंच्या भूमीची कथा निघाली की हा अन्याय आठवला जातो, आणि तो आठवला जावा हे योग्यच आहे. परंतु त्याच शतकाच्या उत्तरार्धात त्याच जमातीच्या स्त्रियांच्या वाट्याला आलेला दुसरा अन्याय तितक्या आवर्जून सांगितला जात नाही. आणि तो तर परक्या राज्यकर्त्यांनी आखलेल्या चौकटीत, स्वतंत्र देशाच्या कायद्याने आणि घरच्याच पुरुषांच्या सहीने घडलेला आहे. मसाई मुलींना शाळेत का पाठवावे, या प्रश्नाची उत्तरे अनेक आहेत, आणि त्यांतील आरोग्याची, विवाहाच्या वयाची व उपजीविकेची उत्तरे मीही पुढे सांगणार आहे. तथापि माझ्या मते त्या सर्वांच्या मुळाशी असलेले उत्तर असे की, ज्या काळात कुरण, पाणी, गुरे आणि घर यांवरील हक्क मौखिक परंपरेतून निघून कागदावर गेला, त्या काळात जिला कागद वाचता येत नाही तिचा हक्क तिच्या देखत नाहीसा होतो आणि तिला त्याचा पत्ताही लागत नाही.

केनियाच्या दक्षिण भागातील नारोक व काजियाडो हे परगणे आणि टांझानियाच्या उत्तरेकडील मोंडुली, लोंगिडो, ङ्गोरोङ्गोरो, सिमान्जिरो, किटेटो हे जिल्हे म्हणजे आजची मसाईभूमी. केनियाच्या २०१९ च्या जनगणनेत मसाईंची संख्या सुमारे १२ लाख नोंदविली गेली. आपल्याकडील अनेक कुटुंबे जुलै ते सप्टेंबरच्या सुमारास मसाई माराचे अरण्य पाहण्यास जातात. नदी ओलांडणाऱ्या रानगुरांचे कळप पाहून झाल्यावर त्यांना एखाद्या मसाई वस्तीत नेले जाते, तेथे तांबड्या वस्त्रांतील तरुण उंच उड्या मारून दाखवितात आणि स्त्रिया मण्यांचे हार विकावयास मांडून बसतात. त्या वस्तीतील बुटके, लांबट, गोलसर कडांचे घर प्रवाशांना वाकून आत शिरून पाहता येते, परंतु ते घर कोणी बांधले आणि ते ज्या जमिनीवर उभे आहे ती कोणाच्या नावावर आहे, हे विचारण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

ते घर स्त्रीनेच बांधलेले असते. फांद्यांचा सांगाडा उभारणे, त्यात गवत व पाने भरणे, शेण आणि माती कालवून भिंती व छप्पर लिंपणे आणि पाऊस झाला की छपराची गळती पुन्हा बुजविणे, हे सारे तिचे काम. पहाटे उठून धारा काढणेही तिचेच. दूध ज्या तुंब्यात साठवावयाचे तो रानटी ऑलिव्हच्या जळक्या लाकडाने आतून घासून काढण्याची रीत आहे, आणि त्यामुळे दुधाला जो धुराचा मंद वास येतो तो मसाईंना घरच्या दुधाची खूण वाटतो. दुधावर अधिकार स्त्रीचा; ते कोणाला किती द्यावयाचे, पाहुण्यासाठी किती राखावयाचे, वासरासाठी किती सोडावयाचे, हे ती ठरविते. विवाहानंतर पती आपल्या खिल्लारातील काही गाई तिच्या घराकडे लावून देतो व त्या पुढे तिच्या पुत्रांकडे जातात, अशीही रूढी आहे. म्हणजे जुन्या व्यवस्थेत स्त्री केवळ राबणारी होती असे म्हणता येणार नाही. तिचे अधिकार मर्यादित होते खरे, पण ते स्पष्ट होते आणि सर्वांस ठाऊक होते. डोरोथी हॉजसन या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने टांझानियातील मसाईंचा दीर्घ अभ्यास करून असे दाखविले आहे की, वसाहतीच्या राजवटीने पुरुषास कुटुंबप्रमुख, करदाता व गुरांचा मालक म्हणून दप्तरात चढविले आणि तेव्हापासून स्त्रीचे पूर्वीचे गुंतागुंतीचे, परस्परावलंबी हक्क पुसट होत गेले. ही गोष्ट ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे, कारण मसाई स्त्रीच्या शिक्षणाचा कैवार घेणाऱ्यांवर परकीय कल्पना लादल्याचा आरोप नेहमी केला जातो. वास्तविक ज्या पुरुषसत्तेस आज परंपरा म्हणून कवटाळले जाते तिचा बराचसा भाग सरकारी नोंदवहीतून जन्मास आलेला आहे.

आता त्या दुसऱ्या अन्यायाकडे वळतो. १९६८ साली केनियाने एक कायदा करून मसाई प्रदेशातील सामायिक कुरणे गटांच्या नावावर नोंदविण्यास आरंभ केला. प्रत्येक गटाच्या सभासदांची यादी तयार झाली आणि त्या यादीत प्रायः कुटुंबप्रमुख पुरुषांचीच नावे चढली. बायका व मुली पुरुषाच्या नावात समाविष्ट आहेत असे गृहीत धरण्यात आले. जोवर कुरण सामायिक होते तोवर या गृहीतकाचा काच फारसा जाणवला नाही, कारण चरावयास जाणाऱ्या गाईला सभासदत्वाचा दाखला विचारला जात नसे. परंतु १९८० च्या दशकापासून या गटांची खातेफोड होऊ लागली, मोजणीदार आले, हद्दीचे दगड रोवले गेले, प्रत्येक सभासदास आपल्या तुकड्याचे मालकीपत्र मिळाले, आणि मग एक दिवस पती ते मालकीपत्र खिशात घालून शहरास गेला व जमीन विकून परत आला, असे प्रकार गावोगावी घडले. नैरोबीच्या सीमेलगत किटेंगेला व किसेरियनच्या बाजूस तर कुरणांची जागा घरांनी, कारखान्यांनी व कुंपणांनी इतक्या वेगाने घेतली की, ज्या स्त्रीने आयुष्यभर त्या जमिनीवर धारा काढल्या तिला खरेदीखत झाल्याची वार्ता नव्या मालकाच्या तारेच्या कुंपणावरून कळावी. वाटणीच्या समित्यांवर पुरुष, वाटणीच्या यादीत पुरुष, नकाशा वाचणारे पुरुष; विधवांना लहान अथवा निकृष्ट तुकडा मिळाला किंवा काहीच मिळाले नाही, अशा तक्रारी संशोधकांनीही नोंदविल्या आहेत.

कायदा पुढे सुधारला, हे न्यायाने सांगितले पाहिजे. २०१० च्या संविधानाने स्त्रीपुरुषांस समान हक्क दिले, २०१३ च्या वैवाहिक मालमत्तेच्या कायद्याने जोडीदाराच्या संमतीवाचून अशी मालमत्ता विकण्यास मनाई केली, आणि २०१६ च्या सामुदायिक भूमीच्या कायद्याने जमातीच्या प्रत्येक सज्ञान व्यक्तीस, म्हणजे स्त्रीसही, सभेचे सभासदत्व दिले. परंतु संमती ही कागदावर घ्यावयाची असते. जिला अक्षर येत नाही तिच्यासमोर संमतीपत्र ठेवून ‘हा दवाखान्याचा कागद आहे’ असे सांगणे कठीण नाही, आणि तिच्या जागी दुसरीच स्त्री पत्नी म्हणून उभी करणेही कठीण नाही. कायद्याने दिलेले हत्यार उचलण्यास जो हात लागतो तो शाळेतच घडतो. मसाई मुलगी आठ-दहा इयत्ता शिकली तर ती वकील होईलच असे नाही, पण आपल्यापुढे आलेला कागद कशाचा आहे, त्यावर तारीख कोणती आहे आणि तो घेऊन कोणत्या कचेरीत जावयाचे, एवढे तिला निश्चित कळेल, आणि पुष्कळदा तेवढेच पुरेसे असते.

हाच विचार मालमत्तेपुरता न ठेवता दैनंदिन जीवनास लावून पाहावा. केनियात २००७ पासून ‘एम-पेसा’ ही भ्रमणध्वनीवरून पैसे पाठविण्याची सेवा सुरू आहे आणि आज गुरांच्या बाजारातील व मण्यांच्या दागिन्यांच्या विक्रीतील पैसा मोठ्या प्रमाणात तिच्यावाटे फिरतो. निरक्षर स्त्रीला आलेला संदेश वाचून घेण्यासाठी मुलाकडे किंवा दिराकडे जावे लागते, गुप्त आकडाही त्यालाच सांगावा लागतो, आणि आपल्या हाताने ओवलेल्या हाराचे किती पैसे आले याचा हिशेब तिच्यापाशी राहात नाही. वासरास जंताचे औषध पाजताना बाटलीवर लिहिलेली मात्रा व मुदत वाचता येणे, दवाखान्यातून आणलेल्या गोळ्या किती वेळा द्यावयाच्या हे कळणे, बाळाच्या लसीकरणाच्या पत्रिकेवरील पुढची तारीख ओळखता येणे, या क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टींवर माणसांचे व जनावरांचे जीव अवलंबून असतात.

खुपऱ्यांचे उदाहरण या संदर्भात विशेष बोलके आहे. काजियाडो व नारोक हे दोन्ही परगणे या नेत्ररोगाचे जुने ठाणे समजले जातात. गुरांच्या वाड्याजवळ माश्यांचे थवे, पाण्याची टंचाई आणि धुतलेले नसलेले मुलांचे चेहरे यांमुळे संसर्ग एका डोळ्यातून दुसऱ्यात जातो. वर्षानुवर्षे तो वारंवार झाला की पापणीची कड आत वळते, केस बुबुळावर घासू लागतात आणि अखेर दृष्टी जाते. मुलांना सांभाळणारी स्त्री असल्यामुळे या रोगाने अंध होणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक असते. औषध आहे, शस्त्रक्रिया आहे. परंतु चेहरा रोज धुवावयाचा, आणि त्यासाठी दुष्काळातही वाटीभर पाणी बाजूस ठेवावयाचे, ही सवय घरात कोण आणील? शाळेत जाणारी मुलगी ती आणते, व पुढे माता झाली म्हणजे तीच टिकवितेही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१० साली १७५ देशांच्या आकडेवारीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९७० ते २००९ या काळात पाच वर्षांखालील जे ८२ लाख मृत्यू टळले त्यांपैकी सुमारे ४२ लाख मृत्यू टळण्याचे श्रेय मातृवयातील स्त्रियांच्या वाढलेल्या शिक्षणास जाते, असा त्याचा निष्कर्ष होता. रुग्णालयापासून कित्येक कोस दूर राहणाऱ्या लोकांच्या बाबतीत तर घरातील साक्षर स्त्री हाच अनेकदा पहिला दवाखाना असतो.

आणि तरीही मसाई मुलगी शाळेतून गळते, ती बहुधा ऐन बारा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान. कारणे लपलेली नाहीत. शाळा दूर असते, वाटेत हत्ती असतात, ऋतुकाळात लागणारी साधने नसतात (केनियाने २०१७ साली ती शाळेतून विनामूल्य देण्याचा कायदा केला, परंतु आडबाजूच्या शाळांपर्यंत ती नेमाने पोहोचणे हे वेगळे प्रकरण आहे), आणि या सर्वांहून मोठी गोष्ट म्हणजे तिचा विवाह ठरलेला असतो. काही मुलींची मागणी तर त्या पाच-सहा वर्षांच्या असतानाच घातलेली असते. विवाहापूर्वी मुलीची सुंता करण्याचा विधी होतो. त्यानंतर ती समाजाच्या दृष्टीने स्त्री ठरते, देजाच्या गाई येतात आणि पाटीदप्तर संपते. केनियाच्या २०१४ च्या आरोग्य सर्वेक्षणात देशातील २१ टक्के स्त्रियांवर हा विधी झालेला आढळला, तर मसाई स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ७८ टक्के होते. त्याच सर्वेक्षणात नारोक परगण्यातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ४० टक्के माता झालेल्या अथवा गर्भवती होत्या. २०२२ मध्ये हा आकडा २८ टक्क्यांवर आला, आणि तोही राष्ट्रीय सरासरीच्या जवळजवळ दुप्पट आहे. २०११ च्या कायद्याने ही सुंता गुन्हा ठरली असली तरी केवळ शिक्षेच्या धाकाने शतकांची रूढी मोडत नाही; ती पुष्कळदा रात्रीच्या अंधारात किंवा सीमेपलीकडे जाऊन पार पाडली जाते.

या अडथळ्यातून वाट काढणाऱ्या स्त्रियांची चरित्रे मला फार मोलाची वाटतात, कारण त्यांनी जमातीशी नाते न तोडता हे साधले. नारोक परगण्यातील एनोसाएन गावच्या काकेन्या न्ताइया हिची मागणी ती पाच वर्षांची असताना घातलेली होती. सुंतेची वेळ आली तेव्हा तिने पित्यापुढे अट ठेवली की, मी हा विधी सोसते, पण त्यानंतर मला माध्यमिक शाळा पुरी करू द्यावी. नाहीतर मी पळून जाईन आणि तुमची गावात बेअब्रू होईल. पित्याने अट मान्य केली. एका बालिकेने स्वतःच्या देहाची किंमत मोजून शाळेची मुदत विकत घ्यावी, याहून दारुण सौदा कल्पिता येत नाही, आणि तो वाचताना आजही मन विषण्ण होते. पुढे तिला अमेरिकेतील महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तेव्हा गावातील वडीलधाऱ्यांची संमती मिळविण्यासाठी ती त्यांच्या दारी गेली, गावाने वर्गणी काढली, आणि शिकून परत येईन व गावासाठी काही करीन असे वचन देऊन ती गेली. पिट्सबर्ग विद्यापीठाची शिक्षणशास्त्रातील डॉक्टरेट तिने मिळविली आणि २००९ साली एनोसाएनमध्ये मुलींची निवासी शाळा सुरू करून वचन पाळले. मुलीची सुंता करणार नाही व ती शिकत असताना तिचा विवाह करणार नाही, हे मान्य केल्याशिवाय त्या शाळेत पालकांना मुलगी घालता येत नाही. स्वतःच्या वाट्याला आलेली अट तिने उलटी फिरविली.

काजियाडोच्या मुलींच्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका प्रिसिला नांगुराई यांनी विवाह टाळून पळून आलेल्या मुलींना शाळेच्या वसतिगृहातच आश्रय दिला, आणि सुटीत घरी पाठविल्यास ज्या परत येणार नाहीत त्यांना सुटीतही ठेवून घेतले; संतप्त पित्यांना तोंड देण्याची जबाबदारी त्यांनी पत्करली. अग्नेस परेयियो या बाई लाकडात कोरलेली स्त्रीशरीराची प्रतिकृती बरोबर घेऊन पायी गावोगाव हिंडल्या आणि सुंतेने काय होते हे मातांना व मुलींना समजावीत राहिल्या. २००२ साली नारोक येथे त्यांनी आश्रयगृह उघडले, आणि २०२२ साली नारोक उत्तर मतदारसंघातून त्या संसदेवर निवडून आल्या. किलिमांजारोच्या पायथ्याशी किमाना गावच्या नाइस लेङ्गेते हिने लहानपणी विधीच्या दिवशी पळ काढला, आजोबांनी अखेर तिची बाजू घेतली, आणि मोठेपणी तिने वडीलधाऱ्यांच्या सभेत बसून सुंतेवाचून स्त्रीत्वात प्रवेश करण्याचा नवा संस्कार रुजविण्याचे कार्य केले. आशीर्वाद, गाणी, मण्यांचे अलंकार, आप्तेष्टांचे एकत्र येणे हे सारे त्यात कायम राहते. शस्त्र तेवढे जाते आणि त्याच्या जागी पुस्तक येते. मला वाटते, जमातीस आपले काही हिरावले जात आहे अशी भावना न होऊ देता बदल घडविण्याचा हा मार्ग कायद्याच्या दंडुक्याहून अधिक खोल पोहोचणारा आहे.

टांझानियात मात्र कायद्याचाच मोठा अडसर राहिला. १९७१ च्या विवाहविषयक कायद्याने मुलाचे विवाहाचे वय १८ ठरविले, परंतु मुलीस पित्याच्या संमतीने पंधराव्या वर्षी विवाह करण्याची मुभा दिली. रेबेका ग्युमी या तरुण कार्यकर्तीने याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली; २०१६ साली उच्च न्यायालयाने ती कलमे संविधानविरोधी ठरविली, आणि २०१९ साली अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. दुरुस्तीसाठी दिलेली वर्षाची मुदत संपून गेली, दुरुस्ती मात्र त्या मुदतीत झाली नाही. त्यात भर म्हणजे २०१७ साली राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांनी गर्भवती झालेल्या मुलींना शाळेत परत घेऊ नये असे जाहीर केले होते; ती बंदी २०२१ च्या नोव्हेंबरात उठली. चार वर्षांत ज्या मुलींची शाळा सुटली त्यांच्या बाबतीत हा हुकूम म्हणजे जन्माची शिक्षा ठरला. अशा परिस्थितीत मोंडुली येथे १९९५ मध्ये लुथरन संप्रदायाने मसाई मुलींसाठी उघडलेली माध्यमिक शाळा आणि लोलिओंडो येथे मसाई स्त्रियांनीच १९९७ साली स्थापन केलेली पशुपालक स्त्रियांची परिषद यांनी चालविलेले कार्य अधिकच आदरणीय ठरते. त्या परिषदेच्या संस्थापिका मांडा ङ्गोइटिको यांनी आपल्या भगिनींना शिक्षण आणि भूमी हे दोन प्रश्न निराळे मानू दिले नाहीत. लोलिओंडोची कुरणे शिकारीच्या परवानाधारकांसाठी मोकळी करण्याचा सरकारी प्रयत्न झाला तेव्हा २०१० साली शेकडो-हजारो स्त्रियांनी एकत्र येऊन सत्ताधारी पक्षाची आपली सदस्यत्वपत्रे परत केली. हे केवळ स्फुरणाने घडत नाही. त्याच्यामागे सभा कशी भरवावी, निवेदन कसे लिहावे व हक्क कोणत्या कायद्यात आहे हे जाणणाऱ्या काही स्त्रिया असाव्या लागतात.

शिक्षणाने मुलगी जमातीस पारखी होते, ही वडीलधाऱ्यांची भीती मी हलकी लेखीत नाही. शाळा स्वाहिली व इंग्रजी भाषेतून चालते, शिक्षक बहुधा बाहेरचे असतात, आणि निवासी शाळेत वर्षे घालविलेल्या मुलीला कोणत्या झुडपाची साल कोणत्या आजारावर चालते किंवा गाभण गाईची लक्षणे कोणती, हे कळेनासे होण्याचा संभव असतो. ही हानी खरी आहे, व शाळांनी मसाईंच्या मा भाषेला आणि पशुपालनाच्या विद्येला आपल्या वर्गात स्थान देऊन ती भरून काढली पाहिजे. परंतु नाओमी किपुरी या मसाई विदुषीने १९८३ साली आपल्या जमातीच्या मौखिक वाङ्मयाचा ग्रंथ सिद्ध केला, त्यातील कथा, कोडी व गीते तिने आपल्याच लोकांच्या तोंडून टिपून घेतली, ही गोष्ट त्या भीतीस उत्तर म्हणून पुढे ठेवावीशी वाटते. आंबोसेलीच्या परिसरात २०१९ साली आठ मसाई तरुणींचे एक वनरक्षक पथक उभे राहिले. आपल्या घरातून नोकरीस लागलेल्या त्या पहिल्याच स्त्रिया. त्या ज्या रानात गस्त घालतात ते त्यांच्या आजोबा-पणजोबांचेच रान आहे, आणि वन्य पशूंच्या वाटा ओळखण्याची जी विद्या आजवर पुरुषांची समजली जाई तीच आज त्या नोंदवहीत लिहून ठेवितात. २०२० च्या साथीत पर्यटन बंद पडले तेव्हा या तरुणी महिनोन्महिने घरी न जाता कामावर राहिल्या.

पित्याच्या बाजूनेही विचार केला पाहिजे, कारण अखेर निर्णय त्याच्या हाती असतो. देजाच्या गाई आज मिळतात आणि शाळेचे फळ दहा वर्षांनी, असा त्याचा हिशेब असतो, व दारिद्र्यात तो अगदीच अविचारी म्हणता येत नाही. पण २००९ च्या दुष्काळाने आणि पुन्हा २०२० नंतर एकामागून एक पाच पावसाळे चुकल्याने या प्रदेशात जे घडले ते त्यानेही पाहिले आहे. काजियाडोच्या माळावर गुरांचे सांगाडे पडले आणि देजात आलेल्या गाईही त्यांतच गेल्या. ज्या घरातील मुलगी परिचारिका वा शिक्षिका होती त्या घरी महिन्याच्या महिन्याला पैसे येत राहिले. परघरी गेलेली मुलगीही आईबापांस विसरत नाही, हे तेथील वृद्ध आता आपण होऊन सांगू लागले आहेत, आणि मुलींच्या शाळेच्या बाजूने याहून प्रभावी युक्तिवाद कोणत्याही सरकारी पत्रकात मला आढळला नाही.

मसाई पुरुष शिकले तेव्हा जमातीस त्याचा लाभ झालाच. एडवर्ड सोकोइने हे मोंडुलीचे मसाई गृहस्थ १९७७ साली टांझानियाचे पंतप्रधान झाले. केनियाच्या संसदेत मात्र पहिली मसाई स्त्री, पेरिस टोबिको, निवडून येण्यास २०१३ साल उजाडावे लागले, आणि तिने उमेदवारी केली तेव्हा काही वडीलधाऱ्यांनी तिला शाप दिला होता. शापास न जुमानता काजियाडो पूर्वच्या मतदारांनी तिला निवडून दिले.

२०१६ च्या सामुदायिक भूमीच्या कायद्याप्रमाणे जी कुरणे अद्याप फुटलेली नाहीत त्यांची नोंदणी जमातीच्या नावाने व्हावयाची आहे. सर्व सज्ञान व्यक्तींची सभा भरणार, ती सात ते पंधरा जणांची व्यवस्थापन समिती निवडणार, आणि जमिनीसंबंधीचे मोठे निर्णय सभेच्या दोनतृतीयांश बहुमताने व्हावयाचे आहेत. आज तेरा वर्षांची असलेली मुलगी पाच वर्षांनी त्या सभेची सभासद होईल. तोवर तिला शाळेत टिकविण्यासाठी नारोक व काजियाडोच्या परगणा सरकारांनी चार-पाच कोसांच्या आत मुलींची वसतिगृहे बांधावीत, सुटीत घरी जाणे ज्यांना धोक्याचे आहे त्यांच्यासाठी ती सुटीतही उघडी ठेवण्याची तरतूद अंदाजपत्रकात करावी, पालकांकडून विवाह न करण्याचे लेखी वचन घेण्याची एनोसाएनची पद्धत सरकारी शाळांतही लागू करावी, आणि माध्यमिक इयत्तांतील मुलींना मालकीपत्र, संमतीपत्र व सभेचे इतिवृत्त हे तीन दस्तऐवज वाचावयास व लिहावयास शिकवावे.